भिंतीवरच्या सुमाचे डोळे

चांगुणे, तुझा ब्रशचा डबा आम्ही उघडला. तुला चालणार नाय, पण उघडला.

तू असताना त्या डब्याला घरात कोण हात लावत नव्हतं. बिस्किटाचा पत्र्याचा डबा, झाकणावरचं चित्र कधीच पुसून गेलेलं. गणपतीचे डोळे काढायचे ब्रश त्यात. दुसऱ्याच्या बोटाची सवय लागली की ब्रशाचं टोक माझं ऐकत नाय, असं तू बोलायचीस. पोरांनी हात लावला की पाठीत धपाटा. मी तुझी थोरली जाऊ, मला धपाटा नाय, पण दोन दिवस तुझं तोंड फुगलेलं. म्हणून मी पण त्या डब्याच्या वाटेला गेले नाय. इतकी वर्षं तो फळीवर माझ्यासमोर व्हता नि आत काय हाय ते मला ठाऊक नव्हतं.

गावच्या मंडळाची माणसं दिवाळीला पुस्तक काढतात. तुझ्यावर कायतरी द्या बोलले. तू किती गणपतींचे डोळे काढलेस, मुंबईचे व्यापारी मूर्तींच्या हमरापूरला सोडून आपल्या गावात तुझं नाव विचारत कसे यायचे, ते दुसरं कोण लिहील. मला तुझ्याशी बोलायचं हाय. मी बोलते, माझी नात वैशाली लिहिते. मला सहीपुरतं येतं. तिला सांगितलंय, माझं बोलणं सुधारत बसू नको.

तू गेलीस तेव्हा गणपती तीन आठवड्यांवर आलेले. मांडवात चाळीस मूर्ती रंगून बसलेल्या, फक्त डोळे बाकी. सुतकात आपण हात लावू शकत नाय. शेजारची हिरा नि तिचा नवरा आले, एकेक मूर्ती उचलून त्यांच्या कारखान्यात नेली. हिरा मला बोलली, "काकी, डोळे मी काढते, पण चांगुणाकाकीसारखे व्हणार नाय. व्यापाऱ्याला आधीच सांगून ठेवा." मी बोलले, "व्यापारी काय बोलायचा नाय. त्याला गणपती पायजे." तो खरंच काय बोलला नाय. पण मूर्ती बघून एकदा आपल्या मांडवाकडं बघून घेतलं, तेवढं मी पाह्यलं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी हिरा परत आली. तिच्या ब्रशाचे केस झडलेले, दहा मूर्ती राहिलेल्या. तुझा एखादा ब्रश मागितला. मी नको बोलणार व्हते. तोवर तुझ्या पोरानं, दिलीपनं, फळीवरून डबा खाली घेतला नि झाकण उघडलं. वर ब्रश. ब्रशांच्या खाली वर्तमानपत्राची घडी. घडीखाली दुधाची धुतलेली पिशवी. पिशवीत एक फोटो, तळहाताएवढा.

सुमाचा फोटो.

दिलीप बोलला, "मोठी आई, हा तर भिंतीवरचाच फोटो. पण ह्याचे डोळे शाबूत हायेत."

तेव्हापासून घरात एकच विचारणं चालू झालं, की भिंतीवर आता कुठला फोटो लावायचा. तू रंगवलेला, की हा. दिलीप बोलतो, खरा मिळाला तर रंगवलेला कशाला. त्याची बायको तेच बोलते. मला विचारतात. माझी पोर, माझी भिंत, तरी मला पटकन सांगता येईना.

तुला सगळं ठाऊक हाय, पण वाचणाऱ्याला नाय, म्हणून भिंतीचं आधी सांगते.

आपल्या ओटीवर दारासमोरची भिंत फोटोंची. घरात माणूस शिरला की पयलं तेच दिसायला पायजे, असं सासऱ्यांचं. सासऱ्यांचा फोटो मधे, मग माझ्या मालकांचा, मग तुझ्या मालकांचा. दिलीपच्या लग्नाचा रंगीत. माझा रमेश पनवेलला घर घेऊन राह्यला त्या घरासमोरचा. सगळे फोटो वरून पुढं झुकलेले, मागं सुतळी बांधलेली. गेलेल्यांना चंदनाच्या सालीचे हार. दर दिवाळीला भिंतीला चुना द्यायचा म्हणून तू सगळे खाली उतरवायचीस, काचा वर्तमानपत्रानं पुसायचीस नि परत लावायचीस ते तुझ्या मनानं. गेलेली माणसं वरच्या रांगेत, जिवंत माणसं खालच्या.

मी एकदा बोलले, "म्हंजे आपण पण एक दिवस वरच्या रांगेत चढणार व्हय?"

तू स्टुलावर उभी, तोंडात खिळा. खिळा काढून बोललीस, "आधी तू चढ. तू थोरली."

"मला चढवायला तू राह्यलीस तर."

"मी राहीन गो. तुझा फोटो वाकडा लावीन नि जाईन."

झालं उलटं. मतदानाच्या कार्डावरचा तुझा फोटो मोठा करून दिलीपनं वर लावला. त्यात तू चोरासारखी दिसतेस. दुसरा नव्हता. सगळ्यांचे फोटो पुसण्यात नि लावण्यात तुझा काढायचा राहून गेला.

त्याच रांगेत सुमा. माझी पयली पोर. मोठ्या माणसांच्या रांगेत ती एवढीशी.

तिचा फोटो निघाला तो तुझ्यामुळं. तू लग्न करून आलीस त्याच वर्षी तुझ्या भावाचं लग्न निघालं. तुझं माहेर खांब गावाकडं. तू मला बोललीस, "चल गो माझ्याबरोबर, मला एकटीला माहेरी जायची लाज वाटते." सोळा वर्षांची असशील तू. मी सुमाला घेतलं, रमेश कडेवर दूधपिता. लग्नाच्या आदल्या दिवशी कापड घ्यायला सगळी रोह्याच्या बाजारात गेलो. तिथं फोटोचा स्टुडिओ. तुझा भाऊ हौशी. बोलला, पोरीचा फोटो काढू.

सुमा पाच वर्षांची. तिला उंच स्टुलावर बसवलं. मागं पडदा, पडद्यावर बाग नि एक खांब रंगवलेला. फोटोवाला काळ्या कापडात डोकं घालून बसला तशी ती घाबरली, ओठ काढला. तेवढ्यात रमेश रडायला लागला. मी त्याला पदराखाली घेऊन दारात उभी राह्यले. मी दारातून बोलत व्हते, "सुमे, हस गो. सुमे, इकडं बघ." तू कुठं उभी व्हतीस ते मला आठवत नव्हतं. मला एवढंच आठवतं की फोटो आला तेव्हा सुमा समोर बघत नव्हती, बाजूला बघत व्हती, नि तिचं तोंड हसायला आलेलं. मी सगळ्यांना सांगायची, ती बघा, आईकडं बघते. मी दारात व्हते ना.

फोटोवाल्यानं फक्त तोंड नि छाती मोठी करून फोटो दिला. सासऱ्यांनी पेणहून काच नि चौकट करून आणली.

वर्षाच्या आत पोर गेली. ते पुढं सांगते.

तर हा फोटो भिंतीवर. मला त्याच्यासमोर रडायची सवय नव्हती. मिठागरावर टोपल्या वाहून माणूस घरी येतं तेव्हा पायाच्या भेगांत मीठ गेलेलं असतं, ते धुवायचं, चूल पेटवायची. रडायला बसलं तर भाकरी कोण टाकणार. पण येता जाता मी बघायची. ती बाजूला बघत असायची, जशी त्या स्टुडिओच्या दाराकडं. मी बाहेरून आले की वाटायचं, माझी वाट बघते. तेवढं मला पुरायचं. वर्षानुवर्षं पुरलं.

मग कसर लागली. खाडीची हवा, भिंतीला ओल. काचेच्या आत बारीक कसर शिरली नि तिनं नेमकं डोळ्यांवरचं खाल्लं. आधी एक डोळा फिका झाला, मग दोन्ही गेले. मी रमेशला बोलले, कुठं दुरुस्त करून मिळतो काय बघ. तो बघतो बोलला नि राह्यलं.

आठ वर्षांपूर्वी मी रमेशकडं गेले व्हते, सुनेचं बाळंतपण. पंधरा दिवसांनी परत आले. दारात पिशवी ठेवली नि वर बघितलं. सुमा माझ्याकडं बघत व्हती.

सरळ. दोन्ही डोळे काळे, टपोरे, वर बारीक रेघ, भुवई कमानीसारखी. गणपतीचे डोळे.

तू चुलीपाशी. मी विचारलं, "कुणी केलं हे?"

"मी."

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी सांगायला कशाला पायजे. कसरीनं डोळे खाल्लेले. बिनडोळ्याची पोर भिंतीवर किती दिवस ठेवायची?"

"ती बिनडोळ्याची असो, माझी व्हती. आता ही कोण हाय?"

 मी थांबले नाय. मी बोलले, "माझी सुमा अशी बघत नव्हती. बाजूला बघत व्हती, माझ्याकडं. मी दारात उभी व्हते. तू माझ्या पोरीची मान धरून फिरवलीस. ती काय गणपती हाय? विसर्जन करायची हाय तिला?"

तुझ्या हातात तवा व्हता. तो तू खाली ठेवलास. बोललीस, "डोळे काढायचे म्हंजे समोरच काढतात जाऊबाय. मला दुसरे येत नायत."

मी तेच खरं धरलं. जन्मभर एकच काम केलं, हात तिकडंच जाणार. गवंड्याला चूल घालायला सांगितली तर तो भिंतच बांधणार, तसं. पण राग गेला नाय. पाण्यात कापूस भिजवून पुसायला गेले तर खालचा कागद निघायला लागला. मग हात आवरला. तेवढाच एक फोटो व्हता, फाटला असता तर काय राह्यलं असतं.

आठ वर्षं आपण कामापुरतं बोललो. मीठ, तेल, लाकडं, कुणाकडं बारसं, कुणाकडं मयत. गावात कुणाला कळलं नसेल. तू मांडवात डोळे काढायचीस, मी मूर्तींचं अंग पॉलिशपेपरानं घासायची, मधे दोन हात अंतर. तू आधी एकेका मूर्तीचे डोळे काढून झाले की बोलायचीस. "बघ गो, हा रागावला. बघ गो, हा तुझ्या नवऱ्यासारखा दिसतो." ते बोलणं बंद झालं. ओटीवर मी भिंतीकडं पाठ करून बसायला लागले.

एक सांगते, जे तेव्हा सांगितलं नाय. मला हिवताप आला नि ओटीवर खाट टाकलेली, आठवतं? तू काढा आणून उशाशी ठेवायचीस नि जायचीस. तेव्हा डोळे उघडले की समोर सुमा. मी कुशीवर वळले तरी माझ्याकडं, सरळ झाले तरी माझ्याकडं. गणपतीचं तसंच असतं, कुठं पण उभं राहा, तो तुमच्याकडं बघतो. पाच दिवस ती बघत व्हती. मी तोंड फिरवलं नाय. बरी झाले नि परत पाठ करून बसले. माझा स्वभाव तुला ठाऊक हाय.

आता डब्यातल्या फोटोचं.

दिलीपनं तो माझ्या हातात दिला. मी दारात उजेडाला नेला. तीच सुमा, तोच पडदा. पण हा पुरा व्हता, कापलेला नाय, फोटोवाल्यानं तुझ्या भावाला दिलेला असेल. पायातले तोडे दिसतात, स्टूल दिसतं, खांब दिसतो. डोळे बाजूला बघतात. आणि त्या बाजूला, फोटोच्या अगदी कडेला, एक हात. कोपरापासून पुढचा. लग्नातल्या हिरव्या बांगड्या भरलेल्या, फोटोत त्या काळ्या दिसतात. हात वर धरलेला, बांगड्या वाजवून दाखवतात तसा. मनगटाच्या आत तुळस गोंदलेली.

ती तुळस मी ओळखणार नाय तर कोण. तुला शेवटची आंघोळ घातली तेव्हा तो हात मीच धुतला.

दार खांबाच्या बाजूला व्हतं. ते मला पक्कं आठवतं, कारण मी त्या रंगवलेल्या खांबाकडं बघून रमेशला पाजत व्हते. नि तुझा हात दुसऱ्या बाजूला.

ती माझ्याकडं बघत नव्हती, चांगुणे. तुझ्याकडं बघत व्हती. मी दारातून बोंबलत व्हते नि ती तुझ्या बांगड्या बघून हसली.

मी पायरीवर बसले. दिलीप बोलला, "काय झालं?" मी बोलले, "काय नाय. ऊन लागलं."

हिरा ब्रश घेऊन गेली. मी तो फोटो दोन दिवस कमरेला बांधून फिरले नि मनात तुझ्याशी भांडले. आधी बोलले, चोर हायेस तू. माझ्या पोरीचा फोटो डब्यात लपवलास. माझ्यासमोर कसर तिचे डोळे खात व्हती नि तुझ्या डब्यात तिचे डोळे सुखरूप. एकदा काढून दिला असतास तर रमेशनं मोठा करून आणला असता. आठ वर्षांचं भांडण झालंच नसतं.

मग बोलले, का दिला नाय? हात दिसला असता म्हणून. मी सगळ्या गावाला सांगत फिरले, आईकडं बघते, आईकडं बघते. तू बाजूला उभी राहून ऐकायचीस. एकदा पण बोलली नायस की जाऊबाय, तिथं मी व्हते. मी तुला तोंडावर बोलले की माझ्याकडं बघणारी पोर तू फिरवलीस, तेव्हा पण नाय. फोटो काढून माझ्या तोंडावर मारला असतास तर मी गप्प झाले असते. नि मग भिंतीकडं बघायचं माझं सुख पण गेलं असतं.

आणि तिसरं. तू मला बोललीस, मला दुसरे डोळे येत नायत. खोटं. गणपतीच्या पायाशी उंदीर असतो, तो वर लाडवाकडं बघतो. ते बाजूला बघणारे डोळे कोण काढायचं? तूच. आणि डब्यात सुमाचे खरे डोळे व्हते, समोर ठेवून जसेच्या तसे काढता आले असते. तुझ्यासारखी डोळ्यांची आखणी करणारी पंचक्रोशीत नव्हती. म्हंजे तू चुकली नायस. तू मुद्दाम तिला माझ्याकडं बघायला लावलंस.

की तसं नव्हतं? की तुझ्याकडं बघणारी सुमा तुला तुझ्यापुरती ठेवायची व्हती, म्हणून मला दुसरी करून दिलीस? दर श्रावणात डबा उघडलास की तू तिला बघत असशील. हे पण खरं असेल. मी तुला ओळखते, तू देवाणघेवाणीत सगळंच्या सगळं कधी दिलं नायस, मुठीत थोडं ठेवायचीसच. मला ह्याचं उत्तर पायजे व्हतं. दोन आठवडे आधी डबा पडला असता, उघडला असता, तर मी मांडवात येऊन तुला विचारलं असतं नि तू मान वर न करता बोलली असतीस, "आखणी चालू हाय, नंतर बोल."

गणपती गेल्यावर दिलीपची कंपनीत सेकंड शिफ्ट लागली, सकाळी मोकळा. मला पेणला घेऊन गेला. तिथं स्टॅण्डजवळ एका माणसानं कॉम्प्युटर घेतलाय, जुने फोटो साफ करून मोठे करतो. चष्मेवाला, हळू बोलणारा. त्यानं फोटो एका पेटीत ठेवला नि समोरच्या टीव्हीसारख्या काचेत सुमा आली. काचेभर. तिच्या फ्रॉकाचं बटण तुटलेलं मला दिसलं. ते मी विसरले व्हते.

तो बोलला, "मावशी, थोड्या वर्षांनी बघा, भिंतीवर अशी काचच येणार. एकाच फ्रेमीत सगळे फोटो, पाळीपाळीनं. एक जाईल, दुसरा येईल."

मी विचारलं, "आणि एक दिसतो तेव्हा बाकीचे कुठं जातात?"

"आत असतात."

"आत म्हंजे डब्यातच ना?"

तो हसला. बोलला, "हो, डब्यातच." मग कामाला लागला. बोलला, "हा कडेला कुणाचा तरी हात आलाय. काढून टाकतो. मागचा पडदा ओढून घेतो तिथं, कळणार पण नाय."

दिलीप बोलला, "काढा काढा. तोंड मोठं करा."

मी बोलले, "हात काढायचा नाय."

"मावशी, फोटो बिघडलेला वाटतो त्यानं."

"वाटू दे."

दिलीप मला समजवायला लागला. "मोठी आई, लोक विचारतील कुणाचा हात."

मी बोलले, "लोक राहू दे, तूच विचार ना. डब्यातून फोटो तूच काढलास, तुला कळला नाय? तुझ्या आईचा हाय."

तो काचेच्या जवळ गेला. त्या माणसानं न सांगता हात मोठा केला. तुळस आली, डब्बल पानांची, खाली तीन टिपके. तुझा पोरगा, चाळिशीला आलेला, पोटावर शर्ट ताणलेला, तिथं उभा राहून बघत राह्यला. त्यानं तुझा हात कधी एवढा कोवळा बघितलेला नाय. त्याच्या आठवणीत तुझा हात म्हंजे रंगानं भरलेला. मग बोलला, "असाच ठेवा."

फोटो चार दिवसांनी मिळाला. चौकट नवीन. घरी आल्यावर दिलीप स्टुलावर चढला, तू रंगवलेला फोटो खाली उतरवला, माझ्या हातात दिला नि नवीन त्याच खिळ्याला अडकवला. मी खाली रंगवलेला घेऊन उभी. सुमा माझ्याकडं बघत व्हती.

आता पुढचं सांगते, जे मी कधी तुझ्याशी बोलले नाय.

ती गेली त्या दिवशी मी मिठागरावर व्हते. उन्हाळा संपत आलेला, पाऊस यायच्या आत मीठ उचलायचं म्हणून एक पण माणूस सोडत नव्हते. सकाळी तिचं अंग गरम व्हतं. तू बोललीस, "तू जा, मी हाय." दुपारी तिला झटके आले. तू तिला पाठीला बांधलंस नि पेणच्या डॉक्टरकडं चालत निघालीस, तापलेल्या रस्त्यानं, अनवाणी. मला निरोप मिळाला नि मी धावत निघाले तेव्हा तू परत येताना रस्त्यात भेटलीस. पाठीवर ती तशीच बांधलेली. तू सोडली नव्हतीस. मी तिला तुझ्या पाठीवरून घेतलं. तुझ्या पायांना फोड आलेले, ते मी बघितले. खरं सांगते, तेव्हा मला तुझा राग आला. शेवटचं तिनं तुला बघितलं, मला नाय, ह्याचा. सोळा-सतरा वर्षांची पोरगी तू, उन्हातून परत चालत आलेली. आणि मी तुला पाणी पण विचारलं नाय.

मी एकच विचारलं, "काय बोलली काय ती?"

तू बोललीस, "आई आई करत व्हती. पेण दिसायला लागेपर्यंत आई आई करत व्हती."

ह्या शब्दांवर मी जगले गो. मिठाची टोपली डोक्यावर असताना, रमेश आजारी पडला तेव्हा, मालक गेले तेव्हा. मनाशी बोलायची, माझी पोर मला हाक मारत गेली, परकी झाली नाय.

डबा उघडल्यापासून माझ्या मनात येतं, ते पण तू माझ्याकडं फिरवलंस काय. ज्याच्या पाठीवर पोर असते त्यालाच ती बिलगते. काकी काकी करत असेल. नायतर झटक्यानंतर कायच बोलली नसेल. तुझं वय काय, तुला कुणी शिकवलं व्हतं असं बोलायला. तरी तू बोललीस, लगेच, अडखळली पण नायस.

विचारायला तू नायस. असतीस तरी विचारलं नसतं.

दिलीप स्टुलावरून उतरायला लागला. मी बोलले, "थांब. हा पण लाव."

"दोन दोन कशाला, मोठी आई? खरा मिळाला ना आता."

"हा खोटा हाय असं कुणी सांगितलं तुला? दुसरा खिळा मार."

त्यानं मारला. चुन्याचा पोपडा पडला, मी झाडून घेतला. आता मी भिंतीकडं तोंड करून बसते. वैशाली आत्ता विचारते, आजी, मग शेवटी सुमाचं काय लिहू, ती खरंच कशी गेली. मी तिला सांगितलं नि लिहायला पण लावलं. सुमा तिचं नाव. तिच्या काकीनं तिला पाठीवर घेऊन पेणपर्यंत नेलं. ती आई आई करत गेली.